पैनगंगेकाठचा भाषाविचार

इंग्रजीत एम.ए. करायला प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात शेक्सपिअर असतो, वर्ड्सवर्थ असतो, हार्डीची एखादी कादंबरी असते. मग एक वेगळाच पेपर पुढ्यात येतो. त्यात मानवी तोंडाची उभी आकृती असते, जिभेचे आणि टाळूचे भाग असतात, वाक्याची फोड दाखवणारी उलटी झाडे असतात आणि उच्चार टिपण्याची एक अनोळखी लिपी असते. हा भाषाविज्ञानाचा पेपर. पुष्कळ विद्यार्थी तो गाइडमधून पाठ करतात, परीक्षेत उतरवून काढतात आणि निकालाबरोबर विसरून जातात.

हे प्रकरण त्या पेपरबद्दल आहे आणि ते मेहकरच्या विद्यार्थ्याला समोर ठेवून लिहिले आहे. बुलढाणा जिल्ह्यातले, पैनगंगेच्या काठचे, शारंगधर बालाजीचे हे गाव मोठ्या विद्यापीठांपासून दूर आहे. अभ्यासासाठी लागणारी सामग्री मात्र इथे विपुल आहे. मेहकरच्या एका दिवसात जेवढ्या प्रकारचे बोलणे कानावर पडते, तेवढे परदेशातल्या कित्येक विद्यार्थ्यांना पुस्तकातूनच कळते. इंग्रजी भाषाविज्ञानातली प्रत्येक संकल्पना आपल्या रोजच्या बोलण्यावर घासून पाहिली, तर ती पाठ करावी लागत नाही. ती समजते आणि टिकते.

या पेपरात काय असते

बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालये १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा असे पाच जिल्हे या विद्यापीठाकडे आहेत. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणारे विद्यार्थी इग्नू किंवा यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा मार्ग धरतात. अभ्यासक्रमाची नावे आणि सत्रे बदलत राहतात, पण इंग्रजीच्या भाषाविज्ञानाचा गाभा सगळीकडे जवळपास सारखाच असतो. ध्वनी कसे निर्माण होतात, ध्वनींची व्यवस्था कशी असते, शब्द कसे घडतात, वाक्य कसे बांधले जाते, अर्थ कसा ठरतो, प्रसंगानुसार बोलणे कसे बदलते, समाजातल्या थरांचा भाषेशी काय संबंध असतो आणि साहित्यिक शैलीचे विश्लेषण कसे करावे, एवढे प्रश्न त्यात येतात. नेट परीक्षेच्या इंग्रजी विषयातही भाषेचा एक आणि भारतातल्या इंग्रजीचा एक, असे स्वतंत्र घटक आहेत.

हे शास्त्र परदेशातून आलेले आहे असे वाटण्याचा संभव असतो. इतिहास पाहिला की तो समज दूर होतो. १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचा उगम एकच असावा, असे मांडले आणि तिथून तौलनिक अभ्यासाला जोर आला. आधुनिक भाषाविज्ञानाचे जनक मानले जाणारे फर्दिनां द सोस्यूर यांचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतातल्या षष्ठी विभक्तीच्या एका प्रयोगावर होता. त्यांची जिनिव्हातली व्याख्याने विद्यार्थ्यांच्या वह्यांवरून जुळवून १९१६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, छापली गेली. अमेरिकेत लेनर्ड ब्लूमफील्ड यांनी पाणिनीच्या व्याकरणाला मानवी बुद्धीच्या थोर स्मारकांत स्थान दिले. एम.ए.च्या वर्गात पोहोचणारे हे ज्ञान भारतीय उपखंडातून एकदा जाऊन आलेले आहे.

या शास्त्राची पहिली अट अशी, की बोलणारे जसे बोलतात तसे ते नोंदवायचे. चूक-बरोबर ठरवणे हे भाषावैज्ञानिकाचे पहिले काम नव्हे. मेहकरकडच्या विद्यार्थ्यासाठी या अटीला फार मोठा अर्थ आहे. ‘पानी’ म्हटल्यावर शाळेत टोकले गेलेले, ‘मले’ आणि ‘तुले’ हे शब्द शहरात गेल्यावर गिळून टाकायला शिकलेले किती तरी तरुण या वर्गात बसलेले असतात. आपल्या आईचे बोलणे अशुद्ध आहे, हा समज त्यांच्या मनात लहानपणीच घर करून बसलेला असतो. भाषाविज्ञान त्यांना सांगते, की त्या बोलण्याला स्वतःचे नियम आहेत. ते नियम शोधण्याची साधनेही ते हाती देते.

एका पट्टीचा प्रयोग

सुरुवात ध्वनींपासून करू. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरून एखादा इंग्रज ‘पिन’ म्हणतो तेव्हा पट्टी हलते. तोच ‘स्पिन’ म्हणतो तेव्हा ती जवळजवळ स्थिर राहते. पहिल्या ‘प’बरोबर हवेचा झोत बाहेर पडतो, दुसऱ्याबरोबर पडत नाही. झोत कधी येणार हे इंग्रजीत ध्वनीच्या जागेवरून ठरते, त्यामुळे त्याने अर्थ बदलत नाही. सामान्य इंग्रज माणसाला हा फरक ऐकूही येत नाही. म्हणून पुस्तक सांगते, की हे एकाच स्वनिमाचे दोन उपस्वन आहेत. स्वनिम म्हणजे अर्थभेद करणारा ध्वनी, ज्याला इंग्रजीत फोनीम म्हणतात. उपस्वन म्हणजे त्याची जागेनुसार बदलणारी रूपे.

आता मराठीकडे या. ‘कडू’ आणि ‘खडू’. ‘ताट’ आणि ‘थाट’. फरक फक्त हवेच्या झोताचा, आणि अर्थ पूर्ण वेगळा. इंग्रजीत उपस्वन असलेली गोष्ट मराठीत स्वतंत्र स्वनिम आहे. लंडनच्या विद्यार्थ्याला जो फरक ऐकायला शिकवावा लागतो, तो मेहकरच्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला उपजत असल्यासारखा कळतो. उलट बाजूही आहे. इंग्रजीत ‘व्ही’ने सुरू होणारा वेलीचा शब्द आणि ‘डब्ल्यू’ने सुरू होणारा मद्याचा शब्द हे वेगळे आहेत. पहिल्यात वरचे दात खालच्या ओठाला लागतात, दुसऱ्यात ओठांचा चंबू होतो. आपल्या कानाला दोन्हीकडे एकच ‘व’ ऐकू येतो. एका भाषेने जो भेद महत्त्वाचा मानला, तो दुसरीने सोडून दिला. स्वनिमाची संकल्पना एवढीच आहे, आणि या दोन जोड्या स्वतः उच्चारून पाहिल्या की तिच्यासाठी पाठांतराची गरज उरत नाही.

याच साधनाने मेहकरकडच्या वऱ्हाडी बोलीकडे पाहू. वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो, ‘शाळा’ची ‘शाया’, ‘काळजी’ची ‘कायजी’. ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कोण’चे ‘कोन’ होते. हा आळस नाही, कारण बदल शिस्तीने होतो. तो ठराविक ध्वनींनाच होतो, आणि शेजारच्या ‘ल’ला हात न लावता ‘ळ’ला गाठतो. ‘बोलला’चा ‘बोयया’ कोणी करत नाही.

‘ल’ गटातला ध्वनी ‘य’कडे किंवा स्वराकडे जाणे ही जगात अनेकदा घडलेली गोष्ट आहे. फ्रेंचमध्ये मुलीसाठी असलेल्या शब्दात लिखाणात दोन ‘एल’ आहेत आणि उच्चारात ‘य’ आहे, कारण तिथला जुना तालव्य ‘ल’ काळाच्या ओघात ‘य’ झाला. स्पॅनिशच्या मोठ्या प्रदेशात हेच घडले. लंडनच्या कॉक्नी बोलीत दुधासाठीच्या ‘मिल्क’ या शब्दातला ‘ल’ स्वरासारखा होऊन जवळपास ‘मिउक’ ऐकू येतो. फ्रेंचमधला बदल राजधानीच्या भाषेत बसला म्हणून त्याला प्रमाण उच्चाराचा मान मिळाला. कॉक्नी कामगारांची बोली होती, म्हणून तिला नावे ठेवली गेली. वऱ्हाडीच्या वाट्यालाही तेच आले. उच्चाराला मिळणारा मान बोलणाऱ्यांच्या सत्तेवरून आणि पैशावरून ठरतो, हे समाजभाषाविज्ञानाचे मध्यवर्ती सूत्र आपल्याला ‘डोया’ या एका शब्दात सापडते.

इंग्रजी शब्द मराठीच्या घरात

शब्दघडणीचा अभ्यास करताना विद्यार्थ्यांना इंग्रजी उपसर्ग आणि प्रत्ययांच्या याद्या दिल्या जातात. त्या याद्यांबरोबर मेहकरच्या बसस्थानकावर तासभर कान देऊन उभे राहावे. ‘ती बस’, ‘तो फोन’, ‘ते टेबल’ असे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत या वस्तूंना लिंग नाही. मग आपण ते कुठून आणले? ‘बस’ आणि ‘कार’ यांनी बहुधा ‘गाडी’चे लिंग घेतले. ‘डिग्री’, ‘पार्टी’, ‘कंपनी’, ‘बॅटरी’ हे शब्द ईकारान्त असल्यामुळे ‘पोळी’ आणि ‘वही’ यांच्या रांगेत जाऊन बसले. अर्थ आणि शब्दाचा शेवट या दोन शक्ती इथे काम करतात. त्या एकमेकींविरुद्ध गेल्या तर कोणती जिंकते, हा लघुप्रबंधाचा विषय होऊ शकतो.

क्रियापदांचे पाहा. ‘ट्राय करतो’, ‘कॅन्सल झालं’, ‘डाउनलोड केलं’. मराठीने इंग्रजी नामांना विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मोकळेपणाने लावली. ‘टेबलावर’, ‘कॉलेजात’, वऱ्हाडीत ‘डॉक्टरले’. इंग्रजी क्रियापदाला मात्र मराठीचा आख्यातप्रत्यय थेट लागत नाही. ‘ट्रायतो’ कोणी म्हणत नाही. क्रियापद आत घेताना ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांचा आधार द्यावा लागतो. नियम कोणी शिकवलेला नाही, तरी शाळेत न गेलेली आजीसुद्धा तो मोडत नाही. भाषकाच्या डोक्यात नियमांची व्यवस्था असते आणि तिची त्याला जाणीव नसते, हे नोम चॉम्स्की यांच्या १९५७ सालानंतरच्या सिद्धान्ताचे मूळ आहे. त्याला यापेक्षा जवळचा पुरावा कशाला हवा?

वाक्यरचनेतही हेच. ‘विद्यार्थ्यानं कादंबरी वाचली’, पण ‘विद्यार्थिनीनं निबंध वाचला’. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याला सोडून कर्माशी जुळते. इंग्रजीत असे होत नाही, म्हणून नुसते इंग्रजी शिकलेल्याला कर्ता म्हणजे काय हा प्रश्न कधी पडतच नाही. मराठी भाषकाला तो पडायला हवा. ‘मले भूक लागली’ या वाक्यात कर्ता कोण, भूक की मी? इंग्रजीतल्या ‘वुई’ या एका शब्दासाठी आपल्याकडे ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’ आणि त्याला सोबत घेणारे ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. वऱ्हाडीत चालू क्रियेसाठी ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिला’ अशी रचना आहे. ती शेजारच्या हिंदीच्या वळणाची आहे, आणि इंग्रजीच्या चालू काळाशी ताडून पाहायला फार सोयीची आहे. या तुलना केल्या की इंग्रजी ही अनेक शक्यतांपैकी एक शक्यता आहे हे कळते, आणि इंग्रजीचे स्वतःचे वेगळेपणही ठळक दिसते.

बाजार, वाडी आणि न्यूयॉर्क

१९६२ साली विल्यम लबॉव्ह न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत गेले. एक श्रीमंतांचे, एक मध्यमवर्गाचे, एक स्वस्ताईचे. विक्रेत्यांना ते अशी वस्तू विचारत, की उत्तर ‘फोर्थ फ्लोअर’ असेच यावे. मग ऐकू आले नाही असे दाखवून तेच पुन्हा वदवून घेत. त्या दोन शब्दांतला ‘र’ किती जण उच्चारतात हे त्यांनी मोजले. दुकान जितके प्रतिष्ठित, तितका ‘र’ जास्त ऐकू आला. बोलण्यातली विविधता मोजता येते आणि तिचा समाजरचनेशी संबंध असतो, हे या साध्या पाहणीने दाखवून दिले. जगभरच्या एम.ए.च्या वर्गांत ती शिकवली जाते.

याच पद्धतीच्या जवळचे काम महाराष्ट्रात झाले आहे, हे आपल्याकडच्या वर्गात क्वचितच सांगितले जाते. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून आलेल्या अभ्यासिकेने साताऱ्याच्या फलटणमधल्या मराठीतल्या भेदांचा अभ्यास करून १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या भारताच्या नागरिक झाल्या आणि फलटणमध्येच त्यांनी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. फलटण हे मेहकरसारखेच तालुक्याचे गाव आहे.

सांगलीजवळच्या कुपवाडची गोष्ट तर जगप्रसिद्ध आहे. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. शतकानुशतके शेजारी राहून या भाषांचे शब्द वेगळे राहिले होते, पण वाक्यांची घडण इतकी सारखी झाली होती, की एका भाषेतल्या वाक्याचे शब्दागणिक रूपांतर दुसरीत करता यावे. भाषासंपर्कावरच्या जवळपास प्रत्येक इंग्रजी ग्रंथात कुपवाडचा उल्लेख सापडतो. मेहकरच्या बाजारात मराठी आहे, दखनीच्या वळणाची उर्दू आहे, हिंदी आहे, मारवाडी आहे आणि बंजारा तांड्यांवरून येणारी गोरमाटी आहे. इथे कोणत्या भाषेने कोणाकडून काय घेतले, याचा शोध अजून व्हायचा आहे.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला

बुलढाणा जिल्ह्यात याहूनही दुर्मीळ गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात निहाली ही भाषा बोलली जाते. भाषक मोजकेच, दोन-अडीच हजारांच्या आसपास. ही भाषा मराठीसारखी आर्य नाही, तेलुगूसारखी द्राविड नाही आणि शेजारच्या कोरकूसारखी मुंडा कुळातलीही नाही. तिचे नाते जगातल्या कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी सिद्ध झालेले नाही. अशा एकट्या भाषा जगात थोड्या आहेत. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची बास्क आणि गिलगिटकडची बुरुशास्की ही त्यांतली गाजलेली नावे. निहाली त्याच पंक्तीत बसते.

ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणात तिची नोंद झाली. डच विद्वान एफ. बी. जे. कुइपर यांनी १९६२ साली तिच्यावर स्वतंत्र तौलनिक अभ्यास लिहिला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले के. एस. नागराज यांनी कोरकूवर काम केले आणि पुढे निहालीचे वर्णनही केले. निहालीत कोरकू, मराठी आणि हिंदीतून आलेले शब्द इतके आहेत, की कोणत्याही शेजाऱ्याशी न जुळणारा शब्दांचा थर सुमारे चतुर्थांशच उरतो. पण तो थर अतिशय जुना असण्याची शक्यता आहे. या प्रदेशात आर्य, द्राविड आणि मुंडा भाषा येण्यापूर्वी काय बोलले जात होते, त्याचा धागा कदाचित त्यात असेल.

युनेस्कोने धोक्यात असलेल्या भाषांत तिची गणना केली आहे. बोलणारे मजुरी करणारे गरीब लोक आहेत आणि मुलांना मराठी-हिंदीची गरज रोजची आहे. ॲमस्टरडॅममध्ये या भाषेवर पुस्तक निघते आणि तिच्याच जिल्ह्यातल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला तिचे नावही ठाऊक नसते, ही स्थिती बदलायला हवी. एकाकी भाषा शिकवताना बास्कचे उदाहरण जरूर द्यावे. त्याआधी जळगाव जामोदचे द्यावे.

कवितेकडे परत

साहित्यासाठी इंग्रजीत आलेल्या विद्यार्थ्याला शैलीविज्ञान हा घटक जवळचा वाटतो. रोमान याकबसन यांनी १९६० साली कविता आणि भाषाविज्ञान यांचे नाते मांडले. जेफ्री लीच यांनी १९६९ साली इंग्रजी कवितेच्या भाषिक विश्लेषणाचे पाठ्यपुस्तक दिले. ध्वनींची आवृत्ती, वाक्यांची समांतर रचना, नेहमीच्या व्याकरणापासून मुद्दाम घेतलेली फारकत, ही त्यांची साधने मराठीलाही लागू पडतात. मेहकरला त्यासाठी दूर जावे लागत नाही. ‘शीळ’ लिहिणारे ना. घ. देशपांडे जन्माने सिंदखेडराजाचे, पण वकिली आणि काव्य दोन्ही मेहकरात राहून केलेले. जी. एन. जोशी यांच्या आवाजातून ती कविता महाराष्ट्रभर गेली आणि भावगीताच्या आरंभकाळाची खूण ठरली. १९८६ साली ‘खूणगाठी’ या संग्रहासाठी देशपांडे यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. टेनिसनच्या नादमाधुर्याचे विश्लेषण शिकल्यावर तीच पद्धत ‘शीळ’ला लावून पाहणे हा उत्तम सराव आहे. कवितेतला नाद नेमका कोणत्या स्वरांतून आणि कोणत्या व्यंजनांच्या फेऱ्यांतून येतो, हे कागदावर दाखवता येते.

अभ्यास कसा करावा

भाषाविज्ञानाला महागड्या प्रयोगशाळेची गरज नाही. खिशातल्या मोबाइलमध्ये ध्वनिमुद्रण होते. ॲमस्टरडॅम विद्यापीठाच्या पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तयार केलेले ‘प्राट’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात उच्चाराची लांबी, चढ-उतार आणि स्वरांचे गुणधर्म डोळ्यांना दिसतात. कडू-खडू ही जोडी त्यात टाकून पाहा. हवेचा झोत किती सहस्रांश सेकंद टिकतो तेही मोजता येते.

एक आटोपशीर प्रकल्प सुचवतो. मेहकर तालुक्यातल्या एकाच गावातल्या आजी-आजोबा, आई-वडील आणि नातवंडे अशा तीन पिढ्यांतल्या काही स्त्री-पुरुषांशी गप्पा मारा. आधी त्यांना उद्देश सांगा आणि संमती घ्या. सुरुवातीला शेती, पाऊस, सण यांवर मोकळे बोलू द्या. मग ‘ळ’ असलेल्या शब्दांची यादी वाचायला द्या. मोकळ्या बोलण्यात ‘ळ’ किती वेळा आणि ‘य’ किती वेळा येतो हे मोजा, आणि वाचनात काय होते तेही मोजा. माणूस सावध झाला की प्रमाण उच्चाराकडे सरकतो, हे लबॉव्ह यांचे निरीक्षण इथे खरे ठरते का? मुली मुलग्यांपेक्षा लवकर ‘ळ’कडे वळतात का? शाळेची वर्षे, अकोल्याला किंवा पुण्याला केलेला मुक्काम, यांचा काही परिणाम दिसतो का? विद्यापीठाला चालेल असा लघुप्रबंध एवढ्यातून उभा राहतो, आणि तो गाइडमध्ये सापडणार नाही.

वाचनही दोन्ही अंगांनी हवे. ध्वनिविचारासाठी टी. बालसुब्रमण्यम यांचे भारतीय विद्यार्थ्यांकरिता लिहिलेले १९८१ सालचे पुस्तक आजही कामाला येते. एस. के. वर्मा आणि एन. कृष्णस्वामी यांनी आधुनिक भाषाविज्ञानाची ओळख भारतीय उदाहरणांसह करून दिली आहे. ब्रज कचरू यांनी जगातल्या इंग्रजींची मांडलेली तीन वर्तुळे वाचल्यावर भारतीय उच्चारांची लाज वाटत नाही. मराठीत ना. गो. कालेलकरांचे ‘ध्वनिविचार’ आणि ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ ही पुस्तके गोष्टीसारखी वाचता येतात. मोरो केशव दामले यांचे १९११ सालचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आजही डोळस अभ्यासाचा नमुना आहे. डेक्कन कॉलेजाने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून गावोगावची ध्वनिमुद्रणे इंटरनेटवर खुली केली आहेत. मेहकरच्या विद्यार्थ्याने आपल्या मुद्रणांची तुलना त्यांच्याशी करावी.

इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत पाय रोवणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे आहे. अशोक केळकरांनी कॉर्नेल विद्यापीठात १९५८ साली मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि पुढे ‘रुजुवात’सारखे समीक्षालेखन मराठीत केले. खानदेशातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकले, इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि मराठीवरच्या इंग्रजीच्या प्रभावाचा समाजभाषावैज्ञानिक अभ्यास त्यांनी ग्रंथरूपाने दिला. दोघांनीही इंग्रजीच्या शिक्षणाचा उपयोग मराठी अधिक नीट समजून घेण्यासाठी केला.

वर्गात उभे राहताना

एम.ए. झालेल्यांपैकी बरेच जण शिक्षक होतात. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलापासून महाविद्यालयापर्यंत सगळीकडे या ज्ञानाची गरज आहे. ध्वनिविचार समजलेला शिक्षक ‘तुझा उच्चार चुकला’ म्हणून थांबत नाही. ‘व्ही’साठी दात ओठावर ठेव, ‘डब्ल्यू’साठी ओठ गोल कर, असे तो नेमके सांगतो. मुलाला इंग्रजीची वाक्यरचना का अवघड जाते हे त्याला ठाऊक असते, कारण मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि कर्माशी जुळू शकते हे त्याने अभ्यासलेले असते. आणि मूल ‘मले पानी द्या’ म्हणाले तर तो त्याला गप्प करत नाही. घरची बोली आणि वहीतली भाषा या दोन्हींची आपापली जागा आहे, हे तो शांतपणे समजावतो. घरच्या बोलीवरून हिणवले गेलेले मूल वर्गात बोलणे सोडते, आणि जे मूल बोलत नाही ते कोणतीच भाषा शिकत नाही.

शिक्षकीपेक्षा वेगळ्या वाटाही आहेत. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था, हैदराबादचे इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठ, पुण्याचे डेक्कन कॉलेज इथे पुढचे शिक्षण आणि संशोधन होते. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, जिथे महानुभावांचे मराठी गद्य घडले, तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. कोशकार्य, भाषांतर, आणि यंत्राला माणसाचे बोलणे समजावून देण्याचे काम, या सगळ्यांत भाषेची बारकाईने नोंद करणारी माणसे लागतात. यंत्रांना आज प्रमाण मराठी बऱ्यापैकी कळते. ‘काहून’ आणि ‘जाऊन राह्यलो’ ऐकल्यावर ती अडखळतात, कारण वऱ्हाडीची नीट टिपलेली सामग्री फार थोडी आहे.

ती सामग्री पुणे-मुंबईचा विद्यार्थी गोळा करू शकेल, पण त्याला आधी विश्वास मिळवावा लागेल, शब्द विचारावे लागतील, लय कानात बसवावी लागेल. मेहकरच्या विद्यार्थ्याला हे सारे घरातून मिळालेले आहे. त्याला हवी आहे ती पद्धत, आणि ती इंग्रजीच्या एम.ए.तल्या त्या एका पेपरात आहे. म्हणून तो पेपर पाठ करून टाकू नये. त्यातले प्रत्येक साधन हातात घेऊन आपल्या गावाच्या बोलण्यावर चालवून पाहावे. वऱ्हाडीतला ‘ळ’ कोणत्या पिढीत परत येतो आहे, तांड्यावरची गोरमाटी मराठीला काय देते आहे, निहालीचे किती शब्द अजून मुलांच्या तोंडी आहेत, हे प्रश्न आज उत्तराची वाट पाहत आहेत. त्यांची उत्तरे देऊ शकणारी माणसे याच जिल्ह्यात राहतात, आणि त्यांतली काही जण आत्ता एम.ए.च्या वर्गात बसलेली आहेत.